आक्षेपांसह परत

ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कोषागारात देयक सादर केलंय, त्यांना अण्णांची वेगळी ओळख करून द्यायला नको. अण्णा प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतात. लांबलचक हॉल, फायलींच्या चळतींमागे दडलेल्या खिडक्या आणि एका टेबलामागे नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन बसलेला शांत गृहस्थ. तो चिडत नाही, ओरडत नाही, कुणाचा चहासुद्धा घेत नाही. तो फक्त वाचतो. देयकावरचं लेखाशीर्ष वाचतो, अंकी रक्कम वाचतो, अक्षरी रक्कम वाचतो, सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघतो, रक्कम यापूर्वी काढलेली नाही असा दाखला जोडलाय का ते पाहतो. समोरचा कारकून आता जरा सैलावतो. तेवढ्यात अण्णा कागद उलटा करतात. मागच्या बाजूला काहीतरी सापडतंच.

आमचे अण्णा साताऱ्यातले. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. आमचा करार अकरा महिन्यांचा, आणि दर नूतनीकरणाला माझा मसुदा किमान एकदा तरी आक्षेपांसह परत येतो. त्यामुळे ते निवृत्त झाले ते वर्ष मला अगदी जिन्यातून पाहायला मिळालं.

अण्णा निवृत्त झाले ३१ मे २०२३ ला. कागदोपत्री जन्म १ जून १९६५. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. जूनमध्ये शाळेत नाव घालायला नेलेल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य पोरांना मास्तरांनी सरसकट हीच तारीख देऊन टाकली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून शाली आणि नारळांची एकच झुंबड उडते. याबद्दल अण्णांची तक्रार नव्हती. तक्रार पुढेच होती. वार्षिक वेतनवाढीची तारीख १ जुलै. वर्षभर काम करून वेतनवाढीच्या फक्त आदल्या दिवशी निवृत्त होणाऱ्याला ती वाढ नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिला. म्हणजे ३० जूनवाले तरले आणि ३१ मेवाले एका महिन्याने बुडाले.

"मास्तरांनी फक्त एक महिना पुढची तारीख घातली असती!" अण्णा म्हणाले.

"पण अण्णा, शाळा जूनमध्ये सुरू होते. त्यात मास्तरांचा काय दोष?"

"दोष नाही हो. आक्षेप आहे."

निरोप समारंभात साहेबांनी मानपत्र वाचलं. अण्णा उत्तराला उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाले, "मानपत्रात 'प्रदीर्घ सेवा' असं म्हटलं आहे. कालावधी नमूद नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे यायला हवं होतं." लोक मनापासून हसले. अण्णांनी मानपत्र दुरुस्तीसाठी तिथेच ठेवून दिलं, तेव्हा हसणं थांबलं.

त्यांची स्वतःची पेन्शन केस हा तर स्वतंत्र ग्रंथ होता. सेवापुस्तकावर पडताळणीचे शिक्के, ना-देय दाखला, ना-चौकशी दाखला, सगळं कसं क्रमाने. पत्नीसह संयुक्त छायाचित्र लागतं. पहिल्या फोटोत काकू हसल्या होत्या, तो बाद झाला. नियमात हसण्याला मनाई आहे का, असं काकूंनी विचारलं. "तरतूद नाही," अण्णा म्हणाले आणि पुन्हा स्टुडिओत घेऊन गेले. चाळीस टक्के पेन्शनचं अंशराशीकरण केलं. विकलेला तो भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो, त्यामुळे त्र्याहत्तरी पार करणं हे आता त्यांच्या दृष्टीने आर्थिक कर्तव्य झालं, आणि चार भिंतीच्या टेकडीवर सकाळचं फिरणं त्यांनी त्याच दिवशी सुरू केलं.

केस वरून मंजूर होऊन आली. एकही त्रुटी नाही. घरात काकूंनी शिरा केला. अण्णा मात्र दोन दिवस गप्प. शेवटी मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "एवढी मोठी केस, एक आक्षेप नाही. कुणी वाचलेलीच दिसत नाही."

मग वाचण्यासारखं उरलं ते घर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरखर्चाचं अंदाजपत्रक तयार झालं. भाजीपाला, दूध, औषधं, पाहुणे आणि काकूंसाठी 'इतर खर्च' अशी शीर्षं पडली. दर महिन्याला तरतूद मिळणार. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम समर्पित करावी लागणार. किराण्याची यादी पहिल्यांदा परत आली ती 'थोडं जिरं' या नोंदीवर. थोडं म्हणजे किती, परिमाण लिहावं. भिंतीवरच्या कालनिर्णयात दूधवाला खाडे मांडायचा, त्या खुणांवर आता त्याची सही लागू लागली. तो बिचारा सही येईना म्हणून अंगठा देऊ लागला, आणि अंगठ्याला साक्षीदार हवा म्हणून रोज सकाळी सहाला मला खाली बोलावणं येऊ लागलं.

काकू यावर कधी भांडल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एक युक्ती कमावली होती: परत आलेला कागद त्या न रागावता दुरुस्त करत आणि पुन्हा पाठवत. कोषागारात हेच करतात. 'आक्षेप पूर्ततेसह सादर'. फरक इतकाच की त्या प्रत्येक आक्षेपाचा कागद जपून ठेवत होत्या. तो कशासाठी, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःचा पहिला प्रस्ताव ठेवला. ओसरीवरच्या खोलीत चक्की बसवायची आणि भाजणी, मेतकूट, थालीपिठाचं पीठ करून विकायचं. अण्णांनी प्रस्ताव दोन दिवस ठेवून घेतला आणि परत केला. एक, तीन पुरवठादारांची दरपत्रकं जोडलेली नाहीत. दोन, जागेचा वापर निवासी आहे. तीन, भाजणी म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा.

"ज्या भाजणीची थालीपिठं खाऊन तुम्ही एवढे झालात, ती भाजणी!" काकू म्हणाल्या. पण लिहून आणलं नव्हतं, म्हणून खुलासा ग्राह्य धरला गेला नाही.

सप्टेंबरात लेकीने बॉम्ब टाकला. तिला बरोबरच्या एका मुलाशी लग्न करायचं होतं, तेही नोंदणी पद्धतीने. काकूंनी देवापाशी निरंजन लावलं. मी वर दार लावून घेतलं. अण्णांनी विशेष विवाह कायदा मागवला आणि रात्रभर वाचला. सकाळी त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. "अहो, १९५४ सालचा कायदा आहे! नोटीस द्यायची. ती नोटीस तीस दिवस फलकावर लागते. कशासाठी माहीत आहे? आक्षेप मागवण्यासाठी!" लग्नाच्या प्रत्येक प्रकाराबद्दल त्यांचं काही ना काही म्हणणं असे, पण लग्न लागण्याआधी सरकार स्वतः महिनाभर आक्षेपांची वाट पाहतं, हे वाचून त्यांची या पद्धतीवर श्रद्धाच बसली.

मुलाची जात, पगार, फ्लॅट यांतलं त्यांनी काहीही विचारलं नाही. नोटीस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते फलकासमोर जाऊन उभे राहिले. मग रोजच जाऊ लागले. लेक धास्तावली. आठव्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "तुझ्या अर्जात पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलाय. एकच्या जागी दोन आहे. दुरुस्त करून घे, नाहीतर प्रमाणपत्रावर जन्मभर तेच राहील."

लेक रडायला लागली. अण्णा गोंधळले. काकूंनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की ती आनंदाने रडतेय. अण्णांना ते पटलं नाही; पिनकोडसाठी कुणी रडतं का? लग्नाला कायद्याने तीन साक्षीदार लागतात. तिसरा मी होतो. दूधवाल्याच्या अंगठ्यांवर माझा हात चांगलाच बसला होता.

या माणसाला ओळखणाऱ्याला एक कळतं. अण्णांनी तुमच्या कागदात चूक काढली, म्हणजे त्यांनी तुमचा कागद वाचला. आणि ते जिव्हाळ्याच्या माणसाचंच वाचतात. पुण्यातल्या मुलाला हे जानेवारीत उलट्या बाजूने कळलं. त्याने घाबरत घाबरत फोन केला, कंपनी सोडून मित्राबरोबर धंदा काढतोय म्हणाला. अण्णा म्हणाले, "चांगलं आहे." एवढंच. करारनामा नाही, भागीदारीचं प्रमाण नाही, काही नाही. मुलाने लगेच काकूंना फोन लावला, "आई, बाबांची तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आठ दिवस वाचायला बंदी होती. नववा दिवस उजाडला, आणि पोराला सतरा मुद्द्यांचं पत्र गेलं. तेव्हा कुठे त्याला झोप लागली.

त्याआधी नोव्हेंबरात एक प्रसंग घडला. पेन्शनर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर आपल्या नावापुढे सही करतात. अण्णांनी वर्षानुवर्षं अशा सह्या तपासल्या होत्या. आता पहिल्यांदाच रांगेत उभे होते. यादीत त्यांच्या वडिलांच्या नावाचं आद्याक्षर चुकलं होतं. अण्णांनी पेन टोपणात घातलं.

"काका, सही करा, मागे रांग आहे," बँकेतली मुलगी म्हणाली.

"या यादीप्रमाणे जो हयात आहे, तो मी नव्हे."

"पण तुम्ही समोर उभे आहात ना?"

"उभा असणं हा पुरावा नाही, बाई."

रांगेतल्या तमाम ज्येष्ठ नागरिकांनी अण्णांच्या हयातीबद्दल मोठ्या आवाजात निर्वाळा दिला. अण्णांनी तो लेखी मागितला.

आणि मग आला ३१ मार्च. कोषागारात काम केलेल्या माणसाला ही रात्र काय असते ते माहीत असतं. वर्षभराचा न वापरलेला निधी मध्यरात्री व्यपगत होतो, म्हणून सगळी खाती शेवटच्या क्षणी देयकांचे गठ्ठे घेऊन धडकतात. त्या रात्री आक्षेप काढणारा हात जरा वेगळा चालतो, कारण आज कागद परत केला तर उद्या पैसाच उरत नाही. २०२४ ला तो दिवस रविवार होता, तरी सरकारी व्यवहाराच्या बँका उघड्या होत्या. अण्णा जेवणानंतर उगीचच इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून जेवणाच्या टेबलाशी बसले. अधूनमधून जुन्या सहकाऱ्यांचे फोन येत. ते लेखाशीर्षं सांगत आणि घड्याळाकडे पाहत.

साडेअकराला काकू फाइल घेऊन आल्या.

"अहो, 'इतर खर्च' शीर्षाखाली दहा महिन्यांची शिल्लक आहे. अर्ध्या तासात समर्पित होईल."

अण्णांनी फाइल उघडली. तीन दरपत्रकं. त्यांचा तुलनात्मक तक्ता. अन्न परवान्याची नोंदणी. उद्यम नोंदणी. वीज कंपनीला व्यावसायिक मीटरसाठी केलेला अर्ज, पोचेसह. जागेच्या वापराबाबत माझं, म्हणजे शेजारच्यांचं, संमतिपत्र. 'भाजणी म्हणजे काय' यावर एक पानी टिपण, धान्यांच्या प्रमाणासह, ग्रॅममध्ये. आणि वर्षभरातला प्रत्येक आक्षेप, त्यापुढे पूर्ततेची तारीख. अण्णांनी सवयीने शेवटचा कागद उलटा केला. मागे काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ही बाजू कोरी आहे.' खाली सही.

बाराला आठ मिनिटं कमी असताना अण्णांनी 'पारित' लिहिलं आणि धनादेशावर सही केली. ते इतके हलले होते की तारीख घालायला विसरले. ती काकूंनी दाखवून दिली. त्यांचा तो पहिला आक्षेप. अण्णांनी तो मान्य केला.

९ एप्रिलला गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर चक्की सुरू झाली. दुकान काकूंचं, गल्ला अण्णांकडे. भाजणी खपते, मेतकूट पुण्याला जातं, गिऱ्हाईक पावती घेतल्याशिवाय सुटत नाही. एवढ्यात पहिल्याच महिनाअखेरीला एक गडबड झाली: हिशेबापेक्षा गल्ल्यात वीस रुपये जास्त निघाले. कमी निघाले असते तर अण्णांनी खिशातून भरून विषय मिटवला असता. जास्तीचं काय करायचं? त्यांनी दारावर सूचना लावली: ज्या ग्राहकाचे वीस रुपये जादा गेले असतील, त्याने पुराव्यासह लेखी अर्ज करावा.

पेठेतून सात अर्ज आले. सातही आक्षेपांसह परत गेले. वीस रुपये अनामत शीर्षाखाली जमा आहेत.