वानलेसवाडीचे डॉक्टर

चिंचवडात नवा शेजारी आला की चहाच्या पहिल्या घोटालाच "गाव कुठलं तुमचं?" हा प्रश्न निघतो. निगडीपासून चाकणपर्यंत पोटापाण्यासाठी आलेल्यांची ही वस्ती. इथे प्रत्येकाने आपलं गाव ठेवणीतल्या शालीसारखं घडी घालून ठेवलेलं असतं. उरुसाला, जत्रेला, भावकीतल्या लग्नाला ती शाल निघते, चार दिवस खांद्यावर मिरवते आणि डांबरगोळ्यांसकट पुन्हा कपाटात जाते. आमच्या मजल्यावर राहायला आलेल्या एका निवृत्त फिटरकाकांना मी हाच प्रश्न विचारला. "वानलेसवाडी," ते म्हणाले. "सांगली आणि मिरजेच्या मधे." एखाद्याने कुंभारवाडी म्हणावं तितक्या सहजपणे. कॅनडातल्या एका माणसाच्या आडनावाला आपण पिढ्यानपिढ्या मूळ गाव म्हणत आलो, यात त्यांना काहीच नवल वाटत नव्हतं. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

विल्यम वानलेस 1865 मध्ये ओंटॅरिओत जन्मले, न्यूयॉर्कला डॉक्टर झाले आणि 1889 मध्ये मिशनरी म्हणून इकडे आले. आधी सांगली, मग मिरज. माणसं आपला देश सोडतात ती सहसा जिथे काम आहे तिथे जातात. चाकणचा रस्ता रोज सकाळी हेच सांगत असतो. हे गृहस्थ उलट्या दिशेने निघाले होते. मिरजेत शल्यचिकित्सकाची जागा रिकामी नव्हती, कारण तशी जागाच नव्हती. इस्पितळासाठी पैसे दिले ते फिलाडेल्फियातले रेल्वे इंजिनांचे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांनी. इस्पितळ 1894 मध्ये उघडलं आणि मिरज जंक्शनवर उतरणाऱ्यांत हळूहळू डोळ्यांवर पट्टी बांधलेले, पोट धरून चालणारे, खाटेवरून आणलेले प्रवासी दिसू लागले. इंजिनवाल्याने दिलेल्या देणगीकडे रोगी आगगाडीत बसून यावेत, ही योजना ज्याने कुणी आखली त्याला विनोदाचं अंग असणार. पुढे कर्नाटकापासून गोव्यापर्यंत "मिरजेला नेलंय" एवढं म्हटलं की पेशंटची तब्येत काय आहे हे निराळं सांगावं लागत नसे.

मिरज हे मुळात तारांचं गाव. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात, तलवारींचे दिवस सरल्यावर, तंबोरे-सतारींकडे वळले. फरीदसाहेबांपासून सतारमेकरांची परंपरा सुरू झाली. पंढरपूरकडचा भोपळा दारात वाळत पडलाय आणि आत कुणीतरी कान टवकारून जवारी लावतंय, असं ते गाव. तिथेच हा परदेशी माणूस हातात धारदार पातं घेऊन राहायला आला. टाके घालायचा धागा तेव्हा मेंढीच्या आतड्याचा असे. म्हणजे एका आळीत सूर ताणले जात होते, दुसरीकडे जखमा. दोन्हीकडे किती ओढायचं हे पुस्तकात सापडत नाही, बोटांना कळावं लागतं. मला आपलं वाटतं, वानलेस आणि एखादा सतारमेकर ओट्यावर बसले असते तर भाषेवाचून त्यांचं फारसं अडलं नसतं. गंमत म्हणजे मिरजेचे म्हणून ओळखले जाणारे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तरी कुठे तिथले? ते कैरान्याचे. एक उत्तरेकडून आला, एक समुद्रापलीकडून, आणि गावाने दोघांनाही सावकाश, फारशी चौकशी न करता आपलं म्हटलं.

वानलेस ख्रिस्ताचा संदेश घेऊन आले होते, हे विसरून चालणार नाही. लोकांनी तो आदराने ऐकला. मोतीबिंदू डॉक्टरांकडे सोपवला, हात जोडले आणि धर्म मात्र बहुतेकांनी आपापला घरी परत नेला. डॉक्टरांना याचं वाईट वाटलं असेलही. पण दुसऱ्या दिवशीची रांग काही त्यामुळे लहान झाली नाही. 1897 मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळा काढली आणि इथल्या मुलांच्या हाती शस्त्रं दिली. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारला. आणि ज्यांना घरचेही उंबऱ्याबाहेर ठेवत त्या क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर, मोकळ्या हवेत, आरोग्यधाम काढलं. त्याच्याभोवती वस्ती वाढली, ती वानलेसवाडी. पत्नी मेरी इथेच वारल्या. कोल्हापुरातल्या इस्पितळाला त्यांचं नाव आहे. या दुःखाबद्दल डॉक्टर काय बोलले असतील याची कल्पना करायला मी धजत नाही. ते इथेच राहिले, आणखी वीसेक वर्षं.

1928 मध्ये सरकारने त्यांना 'सर' केलं आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. किताब देणाऱ्यांना वाटलं असेल, आपण मोठा मान दिला. पण मिरज-सांगलीच्या रस्त्यावर बसचा कंडक्टर ज्याच्या नावाने हाळी देतो, त्याला दरबारी उपाधीची काय मातब्बरी! याच 1928 मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत एक बुरशी उगवली. जखम चिघळू नये म्हणून वानलेस आयुष्यभर ज्या उपायाविना झगडले, तो उपाय ते सामान बांधत असताना जगात आला. 1933 मध्ये ते अमेरिकेत वारले तेव्हाही पेनिसिलिन औषधाच्या कपाटापासून दूरच होतं.

भारतात ते बनवायचा कारखाना पुढे उभा राहिला तो आमच्या पिंपरीत. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तेव्हा पिंपरी म्हणजे एक खेडं, फाळणीनंतर सिंध्यांची छावणी आणि पुष्कळसं माळरान. तिथल्या कुप्यांची खोकी कधीतरी मिरजेच्या गाडीत चढली असतीलच. इस्पितळाच्या कोठीत वानलेससाहेबांच्या वेळचा एखादा म्हातारा कंपाउंडर असावा, त्याने चष्मा कपाळावर सारून खोक्यावरचं लेबल अक्षर-अक्षर लावून वाचावं आणि शेजारच्या पोऱ्याला संशयाने विचारावं, "हे पिंपरी कुठं आलं रे?"