आमच्या गटातील थोर संशोधकांना खुले पत्र

मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

सन्माननीय गटबंधू-भगिनींनो,


‘आपल्या परिसरातील केळी आणि पाणी’ या पर्यावरणाच्या प्रोजेक्टबद्दल तुमचं जाहीर अभिनंदन. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं आहेत, त्यात माझंही. म्हणून या यशात मीही वाटेकरी.

डोंगरकड्याच्या केळीला पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी मिळतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या प्रकरणात मात्र तिला तापीचं पाणी मिळतं आणि मळे आहेत ‘आमच्या रावेर तालुक्यात’. गोदावरी खोऱ्यातल्या पिकाला तापीचं पाणी पाजणं कोण्या सरकारला जमलं नाही; तुम्ही ते एका रात्रीत, मोबाईलवर करून दाखवलं. कॉलेजच्या वाटेवरच तुमच्यापैकी एकाच्या काकांचा मळा आहे. तिथं थांबून करपा रोगाबद्दल दोन प्रश्न विचारण्यापेक्षा जळगावच्या अनोळखी शेतकऱ्याची मुलाखत ढापणं सोपं. चपलेला चिखल नाही, काकांना त्रास नाही!

तोंडीच्या वेळी सरांनी मलाच विचारलं, “तापी इथं कुठून आली?” तेव्हा तुम्ही सगळ्यांनी एकदमच माना खाली घातल्या. गटाची एवढी एकजूट त्याआधी कधी दिसली नव्हती.

घाबरू नका, नियमही तुमच्याच बाजूनं आहे. वाङ्मयचौर्य रोखायला विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 मध्ये नियमावली केली. प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर माफी. 40 टक्क्यांपर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 60 पर्यंत गेलं तर वर्षभर प्रबंध सादर करायला बंदी आणि त्यापुढं थेट नोंदणी रद्द. पण असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध आणि उत्तरपत्रिका यांना ही नियमावली लागूच नाही. म्हणजे ज्या कामासाठी पीएच.डी.वाल्याची नोंदणी जाते, त्याच कामाचे आपल्याला गुण मिळतात. सराव पदवीला करायचा आणि सापडायचं पीएच.डी.ला, अशी ही दूरदर्शी सोय आहे.

आता माझ्यासारख्याची सोय बघा. सरांना सांगावं तर मी फितूर, गप्प राहावं तर तुमच्यासोबत मीही चोर. रिपोर्ट एक, गुण सगळ्यांना सारखे; त्यामुळे चोरीही समान वाटली जाते. मळ्यात उभं राहून मी लिहून आणलेली पानंही आता संशयातच वाचली जाणार.

म्हणून लेकहो, पुढच्या प्रोजेक्टला एवढंच करू. प्रत्येक पानाखाली ते लिहिणाऱ्याचं नाव टाकायचं आणि माहिती कुठून घेतली तेही लिहायचं. दुसऱ्याचं घ्यायला हरकत नाही, त्याचं नाव गाळायला आहे. हे मान्य नसेल, तर रिपोर्टवर माझं नाव घालू नका. कमी गुण मी एकट्यानं सोसेन. तुमची तापी मला पेलायची नाही.

कळावे,
तुमच्याच गटातला एक