‘गो’चं गौडबंगाल

भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. आत्या म्हणजे नाव ठेवण्याचा जन्मसिद्ध हक्क, दोन्ही अर्थांनी. उत्साहानं यादी करायला बसले, तोच पंचवटीतून गुरुजींचा फोन आला. ‘‘शततारका, प्रथम चरण. अक्षर ‘गो’.’’

घरात सन्नाटा. शततारकेची अक्षरं चार : गो, सा, सी, सू. पोरीनं जरा दम धरला असता तर सायली, सान्वी, सावनी अशी रांग उभी होती. पण हिला घाई!

‘गो’वरून नाशिककराला एकच नाव सुचतं, आणि त्या नावाची आमची ९१ वर्षांची आजी कोपऱ्यात जपमाळ ओढत होती.

‘‘गोदावरी?’’ वहिनी माझ्या कानाशी कुजबुजली. ‘‘ताई, तिला शाळेत पाठवायचंय हो, घाटावर नाही.’’

मग मी नावांचा अभ्यास आरंभला. भागीरथी आता सहसा कुणी ठेवत नाही, जान्हवी ठेवतात. नदी तीच, गंगा. भगीरथानं आणली म्हणून भागीरथी, जह्नू ऋषींनी पिऊन कानातून सोडली म्हणून जान्हवी. तप करणारा मागे पडला, पिऊन टाकणारा फॅशनीत आला! आमच्याकडे सीतागुंफेपुढे रांगा लागतात, पण मुलीला सीता म्हणायला वनवासाची धास्ती. मैथिली, जानकी, वैदेही मात्र चालतात. वनात गेली ती जणू दुसरीच कुणी. अहो, आमच्या नासर्डी नदीचीसुद्धा नंदिनी झाली. पर्याय नाही तो एकट्या शूर्पणखेला. जिच्या नाकावरून गावाला नाव पडलं म्हणतात, तिला बारशात थारा नाही. वास्तविक शूर्पणखा म्हणजे सुपासारख्या नखांची. हल्ली नखांवर होणारा खर्च पाहता तिचे दिवस यायला हरकत नाही.

या हिशेबानं गोदावरीलाही दुसरं नाव होतंच. ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींनी तिला आणली, म्हणून गौतमी.

‘‘पण अक्षर ‘गो’ आहे,’’ गुरुजी अडले.

‘‘एका मात्रेचा तर प्रश्न आहे, गुरुजी.’’

दक्षिणेचा आकडा ऐकल्यावर मात्रा लागू पडली.

बाराव्या दिवशी घुगऱ्या वाटल्या, मी बाळाच्या कानात ‘कुर्रर’ केलं. आजीनं विचारलं, ‘‘काय ठेवलं?’’

‘‘गौतमी.’’

‘‘म्हणजे मीच की!’’ आजी खुदकन हसली. मग म्हणाली, ‘‘मी माहेरची यमुना. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘गोदावरी’ लिहिलं आणि एका दुपारीत माझी नदी बदलली.’’

आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिसरी यमुना घरातच बसली आहे, हे मात्र मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

आजीनं पाळण्याची दोरी ओढली. ‘‘नाव छान आहे. फक्त हिच्या लग्नात तांदळात कुणाला काही लिहू देऊ नका. तांदूळ शिजवायचे असतात.’’