अथेन्सच्या सोयरिकी

"काकू, सूनबाई दिसल्या नाहीत आज?"

"आत बसलीये, ग्रीक घोकत. आत्ताचं नव्हे, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. ऑनलाइन क्लास लावलाय. जेवताना तेच सांगते, आणि मलाही मेलं ते ऐकायची चटक लागलीये. तुला म्हणून सांगते, त्या अथेन्सच्या लोकांकडे नवरा-बायकोच्या नात्याला शब्दच नव्हता."

"म्हणजे लग्नं होत नव्हती?"

"होत होती की, वाजतगाजत! सोहळ्याला 'गामोस' म्हणायचे. गामेलिओन नावाचा लग्नांचा महिनाच होता, आपल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. पण त्यानंतर दोघं जन्मभर ज्या नात्यात राहायची, त्याला नाव नाही. मी नाही म्हणत, ॲरिस्टॉटल म्हणतो, 'पॉलिटिक्स'मध्ये. घर कशाकशाचं बनतं हे सांगताना मालक-गुलाम झालं, मग नवरा-बायकोवर आला आणि म्हणाला, या जोडीला आपल्याकडे नावच नाही. कोर्टात एखादी लग्नाची बायको आहे असं सांगायचं, तर 'ही अमक्याच्या घरात त्याच्याबरोबर राहते' एवढंच. सुनोइकेइन."

"बायकोला तरी शब्द होता का?"

"गुने. म्हणजे बाई. नवरा म्हणजे आनेर, म्हणजे पुरुष."

"त्यात काय, आपल्याकडेही बायको त्या बायकांतलीच."

"हो, पण व्यवहाराला बघ कसे शब्द आहेत! सोयरीक ठरली की 'एंग्युए'. बाप आणि जावई समोरासमोर बसून बोलणार. मुलगी तिथे असायलाच हवी असं काही नाही. आणि हाच शब्द कुणाला जामीन राहण्यालाही. डेमॉस्थेनिस माहितीये ना, तो वक्ता? त्याच्या बापाने मरताना काय केलं सांगू? मुलगी पाच वर्षांची. तिला एका पुतण्याला देऊ केली, दोन टॅलेंट हुंड्यासकट. आणि स्वतःची बायको एका भाच्याला, आफोबोसला, ऐंशी म्ना देऊन!"

"स्वतःची बायको? जिवंतपणी?"

"आपल्यामागे तिचं काय होणार म्हणून. विधवेचीही व्यवस्था अशीच लावायचे. बरं, एक टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा, थोडीथोडकी रक्कम नव्हे. दोघांनी पैसे घेतले आणि लग्न एकानेही केलं नाही! आफोबोस तर सरळ घरात येऊन राहिला, दागिने ताब्यात घेतले, आणि आईच्या हातावर तुरी. पोरगा तेव्हा सात वर्षांचा. मोठा झाल्यावर इ.स.पू. ३६४ च्या सुमारास त्याने आफोबोसला कोर्टात खेचलं. वक्तृत्व तिथूनच फुटलं म्हणे. फुटेल नाही तर काय!"

"बाई बाई."

"मग मुलगी प्रत्यक्ष सासरी पाठवायची ती 'एक्दोसिस'. बाहेर देणं."

"आपण नाही का म्हणत, मुलगी दिली."

"तेच. आणि गंमत म्हणजे आजच्या ग्रीसमध्ये पुस्तकाच्या आवृत्तीला एक्दोसी म्हणतात. क्रियापदातसुद्धा भेद. पुरुष लग्न करतो, त्याचं रूप वेगळं. बाईचं 'लग्न होतं', ते वेगळं. मी सुनेला म्हटलं, यात शिकण्यासारखं काय आहे, हे मला पाठ आहे. नवरी सासरी पोचली की चुलीपाशी दोघांवर सुके अंजीर, खजूर, अक्रोड, नाणी उधळायचे."

"छान की."

"छान कसलं! विकत आणलेला नवा गुलाम घरात आला की त्याच्यावरही हेच उधळायचे."

"... हुंड्याचं काय म्हणालात?"

"प्रोइक्स. नवऱ्याने वापरायचा, पण मालकी त्याची नाही. बायकोला माहेरी पाठवली तर पैसे परत. वेळेत दिले नाहीत तर वर्षाला १८ टक्के व्याज! इथे मात्र मी त्यांना मार्क देईन. पाठवून देण्याला एक शब्द, आपोपेम्पसिस, नवऱ्याने करायचं. बायको आपणहून निघाली तर दुसरा शब्द, आपोलेइप्सिस, आणि तिला सरकारी अधिकाऱ्याकडे जाऊन लेखी नोंदवावं लागायचं. आर्कोनकडे. अल्किबिआदेसची बायको गेली होती ना."

"तो देखणा?"

"देखणा आणि वाह्यात. मित्रांशी पैज लावून त्याने एका बड्या असामीच्या, हिप्पोनिकोसच्या, थोबाडीत मारली होती. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली, आणि म्हाताऱ्याने पुढे मुलगीच दिली त्याला! दहा टॅलेंटसकट. मूल झाल्यावर आणखी दहा मागितले, असं प्लुटार्क लिहितो. बाहेरच्या बायका घरी आणायला लागला तेव्हा ही बायको, हिप्पारेते, भावाकडे गेली, मग कागद घेऊन स्वतः आर्कोनसमोर. हा आला, तिला उचललं आणि बाजारातून घरी घेऊन गेला. कुणी अडवलं नाही."

"कायदा होता ना?"

"कायदाच म्हणे तसा की बाईने जातीने यावं, म्हणजे नवऱ्याला तिला गाठता यावं. हेही प्लुटार्कचंच मत."

"शी!"

"पण सासर बघ, तिथे शब्दांचा तोटा नाही. होमरच्या वेळचे जुने शब्द. दिराला 'दाएर'. संस्कृत देवृ, आपला दीर, सगळे एकाच मुळाचे. सासरा हेकुरोस, सासू हेकुरे. श्वशुर आणि श्वश्रू. आणि जावांना एइनातेरेस. संस्कृतातली यातृ, तीच आपली जाऊ."

"आणि नणंद?"

"गालोओस. नणंदेशी काही जुळत नाही ते."

"नणंद कुठे कुणाशी जुळते!"

"हेलनला विचार. इलियडच्या शेवटच्या सर्गात ती हेक्टर या दिराच्या प्रेतापाशी रडते, आणि रडता रडता सगळं सासर काढते. दीर टोचून बोलायचे, नणंदा बोलायच्या, जावा बोलायच्या, सासूही. सासरा तेवढा बापासारखा. आणि हा हेक्टर मध्ये पडून सगळ्यांना गप्प करायचा."

"मयतापाशी जावांचं गाऱ्हाणं? आपलीच बाई दिसते. नवऱ्याचं काय म्हणते?"

"तो मला इथे घेऊन आला, त्याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. बस, एवढंच!"