आपत्तीबाईंनी कार्यालयीन वेळेत यावे, ही विनंती

प्रति,
मा. आपत्तीबाई,
मुक्काम: कधी सीनेचं पात्र, कधी तेरणाकाठची जमीन, एरवी आभाळ,
जि. धाराशिव.

विषय: आगमनाची पूर्वसूचना किमान १५ दिवस आधी, दोन प्रतींत देण्याबाबत.

संदर्भ: ३० सप्टेंबर १९९३ आणि सप्टेंबर २०२५ मधील आपल्या भेटी.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो, की आपल्या येण्याच्या वेळा जिल्ह्याच्या कामकाजाच्या वेळांशी मुळीच जुळत नाहीत. १९९३ साली आपण आलात तेव्हा पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. गणेश विसर्जन आटोपून गावं नुकती कुठे झोपली होती. २०२५ साली परंडा तालुक्यात पाणी चढलं, तेही अपरात्री. पंचनाम्याच्या दृष्टीने ही सवय फार गैरसोयीची आहे. सोमवार ते शुक्रवार, जेवणाची सुट्टी वगळून यावं.

दुसरं, पत्ता तपासून यावं. १९९३ साली देशाच्या भूकंप-नकाशात हा टापू पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात होता. आदल्या वर्षी किल्लारी परिसरात लहान धक्के देऊन आपण दार वाजवलं होतं, हे अर्जदाराला मान्य आहे. पण दार वाजवणं म्हणजे रीतसर अर्ज नव्हे. नकाशाने आपली दखल घेतली ती २००२ साली. पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. तोवर सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली होती आणि लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) मिळून ५२ गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली होती. नाव किल्लारीचं झालं, ते औसा तालुक्यात. पण इकडे लोहारा-उमरग्यातली सास्तूरसारखी गावंही त्याच पहाटे आडवी झाली.

आता ती माणसं बेसावध होती, असं मात्र कुणी म्हणू नये. जुनं घर बघा. अडीच-तीन फुटी भिंत, बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मधे चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. पावसाळ्याआधी, गळू नये म्हणून, माळवदावर नवी माती चढायची. जुनी उतरवायची कशाला? आज्याची माती, बापाची माती, त्यावर लेकाची. जमीन हलली तशी बाहेरचा थर बाहेर कोसळला, आतला आत, आणि पिढ्यांची ती माती झोपलेल्या माणसांवर आली. पावसाची तयारी चोख होती. भूकंपाच्या रात्री तीच मारून गेली.

इथून पुढे मात्र अर्जदाराची आपल्याविरुद्ध खरी तक्रार सुरू होते. आपण गेलात आणि मागे बायका शहाण्या झाल्या. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला. जी गावं उठवली नाहीत तिथे घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. काम समजायला अवघड नव्हतं: भिंतीला आरपार भोक पाडून गज आणि काँक्रीटचा दुवा घालायचा, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंती एका पट्ट्याने आवळायच्या, माळवदावरची माती कमी करायची. पण हे घरमालकाला पटवणार कोण आणि गवंड्याकडून करून घेणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांना पुढे आणलं. या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणत. काल चारचौघांत बोलायला बिचकणारी बाई आज गवंड्याला विचारू लागली, सिमेंटवर पाणी मारलं का, गज कुठंय. पुढे २००१ मध्ये आपण कच्छला गेलात, २००४ मध्ये लाटा होऊन तामिळनाडूला; तर लातूर-उस्मानाबादच्या बायकांचा हा अनुभव आपल्या पाठोपाठ तिकडेही पोचला. हा सरळसरळ आपल्या कामात अडथळा आहे.

सुदैवाने (आपल्या सुदैवाने) विसरणं हा मोठा गुण आहे. नव्या गावांत घरं मिळाली ती जमीनधारणेच्या हिशोबाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. पोरं मोठी झाली, सुना आल्या, घराला चिकटून खोल्या निघाल्या. त्या खोल्यांना पट्टा आहे का, हे विचारणारी बाई आता नेमलेली नाही.

आणि मग २०२५. जिल्ह्याची ओळख दुष्काळी. १९७२ असो, २०१२-१३ असो, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते २०१६ असो, इथल्या यंत्रणेचा हात आपोआप टँकर आणि चारा छावणीकडे जातो. गावंही तशीच वळली. ओढा वर्षानुवर्षं कोरडा, मग काठावर गोठा आला, पात्राशेजारी मोटार आली. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परंडा, भूम, कळंब, वाशी तालुक्यांवर आपण कोसळलात आणि सीना, चांदणी, मांजरा एकदम आपापली जुनी हद्द मागायला आल्या. पुन्हा तोच माळवदाचा हिशोब: एका संकटाच्या तयारीत दुसऱ्याला जागा करून दिलेली. परंड्यात लष्कराची हेलिकॉप्टरं आली, एनडीआरएफ आली. वडनेरला रात्रीपासून छतावर अडकलेल्या आजी आणि तिच्या दोन वर्षांच्या नातवासाठी खासदार ओमराजे निंबाळकर स्वतः पाण्यात उतरले. त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. फक्त जिल्ह्यात खासदार एकच आहे आणि छतं बरीच आहेत, एवढं लक्षात असावं.

माणसं वर चढली, पण मराठवाडाभर दावणीची जनावरं दावणीलाच मेली. दावं कापायला कोयता लागतो आणि अंधारात तो कुठे ठेवलाय हे आठवावं लागतं. एवढ्यासाठी घरातली दुभती म्हैस गेली. शेतातली माती खरडून गेली ती वेगळीच. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख. आपण गेल्यावर खर्च करण्यात आम्ही कधीच मागे नसतो.

आपण येण्याआधीच्या तयारीतही कसर नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, १०७७ क्रमांक आहे. विजेची सूचना देणारं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. शेतात रेंज असेल तिथे ते झाडाखाली थांबू नका असंही सांगतं. २०२३ मध्ये इशाऱ्याची चाचणी म्हणून देशभरचे मोबाइल एकदम किंचाळले. कित्येकांनी घाबरून ते बंद केले.

ओडिशाकडे मात्र फिरकू नका, आपला तिथे हल्ली अपमान होतो. १९९९ च्या चक्रीवादळात आपण सुमारे दहा हजार माणसं नेलीत. २०१३ ला ‘फायलीन’ होऊन गेलात, तर तिथे दहा लाखांच्या आसपास लोक आधीच निवाऱ्यात जाऊन बसले होते. मृतांचा आकडा पन्नाशीही गाठू शकला नाही. हे काही यंत्रांनी केलेलं नाही. कुणाच्या घरी म्हातारी आहे आणि तिला कोण उचलणार, हे तिथे गावागावांत ठरलेलं होतं.

तरी वरील विनंतीचा विचार व्हावा.

आपला नम्र,
अर्जदार

प्रत माहितीसाठी: जिल्ह्यातील सर्व ग्रामस्थ. १ मे रोजी ग्रामसभा असते, पावसाळ्याच्या तोंडावर. त्या दिवशी विषयपत्रिकेत एक विषय घालून घ्या. नदीकाठची घरं कोणती, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि दिवस भरत आलेल्या बायका कुठे आहेत, रात्री त्यांना उठवायचं काम कुणाकडे, शाळेच्या किल्ल्या कुणाजवळ, कोयता कुठल्या खिळ्याला, हे नावानिशी लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावा. आपत्तीबाई या पत्राला उत्तर देणार नाहीत.