निर्गुण घरमालक

एका भाडेकरूला दुकान खाली करावं लागलं, म्हणून बेंटनव्हिल हे गाव मोठं झालं. ही माझी थापेबाजी नाही, त्या भाडेकरूने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. सॅम वॉल्टन नावाच्या एका उत्साही तरुणाने १९४५ साली आर्कन्सा राज्यातल्या न्यूपोर्ट गावात एक दुकान चालवायला घेतलं. भाडं विक्रीच्या पाच टक्के, म्हणजे त्या पंचक्रोशीत कुणी ऐकलंही नसेल इतकं. पाच वर्षं राबून त्याने दुकान नावारूपाला आणलं आणि नेमका करार संपला. करारात नूतनीकरणाचं कलमच नव्हतं. मालकाला ते चालतं दुकान आपल्या मुलासाठी हवं होतं. पुढचं मराठी वाचकाला सांगायला नको. फरक इतकाच, की आपला भाडेकरू कोर्टात गेला असता आणि नातवाच्या मुंजीपर्यंत तारखा घेत बसला असता. हा गाशा गुंडाळून बेंटनव्हिलला आला.

ते साल १९५०. गावची वस्ती तीन हजारही नव्हती. ते बरंच झालं, कारण दहा हजारांहून मोठ्या गावात मी राहणार नाही, अशी त्याच्या बायकोची, हेलनबाईंची अट होती. चौकात दुकान मिळालं, पण लहान. शेजारचं न्हाव्याचं दुकान जोडून घ्यावं लागणार होतं, आणि त्यासाठी वॉल्टनने करार केला तो ९९ वर्षांचा. दुधाने पोळलेला माणूस ताक किती फुंकतो, हे इथे वर्षांत मोजता येतं.

त्या दुकानातून पुढे वॉलमार्ट झालं. हेलनबाईंची अट तर केव्हाच वाहून गेली. २००० साली गावात १९,७३० माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ५४,१६४ भरली. ज्याला वॉलमार्टच्या फळीवर दातांचा ब्रशसुद्धा ठेवायचा असेल, त्याला इथे एक ऑफिस थाटावं लागतं. त्या ऑफिसांमागून आकडे मोजणारे आले आणि आकडे मोजणाऱ्यांची यंत्रं सांभाळायला आम्ही आलो : पुणे, हैदराबाद, चेन्नई. मे २०२४ मध्ये कंपनीने डॅलस, अटलांटा आणि टोरंटोच्या ऑफिसांतल्या लोकांनाही बाडबिस्तरा आवरायला सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांची गाडी इकडेच वळली. जानेवारी २०२५ मध्ये साडेतीनशे एकरांवरचं नवं मुख्यालय उघडलं. आमच्या संकुलातल्या पोहण्याच्या तलावाकाठी संध्याकाळी स्वेटर घातलेल्या तीन प्रांतांच्या सासवा बसलेल्या असतात. पाण्यात कुणीच नसतं. तलावाचे पैसे मात्र भाड्यात धरलेले असतात.

आता मला सांगा, ज्या गावाचं मूळ दैवतच एक बेदखल झालेला भाडेकरू, त्या गावाच्या राज्यात भाडेकरूला केवढा मान असावा? मी मोठ्या भाविकतेने इथले कायदे वाचायला घेतले.

१९०१ साली आर्कन्साच्या विधिमंडळाने ठरवलं, की भाडं थकलं आणि दहा दिवसांच्या नोटिशीनंतरही भाडेकरू हलला नाही, तर तो फौजदारी गुन्हा. भाडं थकणं ही अमेरिकेत इतरत्र दिवाणी भानगड असते. इथे ती थेट पोलिसी मामला झाली आणि त्यानंतर शंभरावर वर्षं ते कलम सुखाने नांदलं. २०१३ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने त्यावर आख्खा अहवाल लिहिला, तरी कुणाची झोप मोडली नाही. दुसऱ्या बाजूचं काय? भाड्याने दिलेलं घर राहण्याजोगं असावं, अशी मालकावर सक्ती २०२१ पर्यंत या राज्यात नव्हतीच. साऱ्या देशात असं हे एकटंच राज्य उरलं होतं. २०२१ मध्ये मात्र विधिमंडळाला पाझर फुटला. घरात गरम आणि गार पाणी असावं, वीज असावी, सांडपाणी वाहून जावं, छप्पर असावं, असं त्यांनी कायद्यात घातलं. छप्पर! आणि मालकाने हे केलंच नाही तर? तीस दिवस वाट पाहून भाडेकरूने करार मोडावा, आपलं डिपॉझिट घ्यावं आणि घर सोडावं. म्हणजे भाडेकरू चुकला तर भाडेकरूने निघायचं आणि मालक चुकला तरी भाडेकरूनेच निघायचं. न्यायदेवतेचा तराजू इतका समतोल मी अन्य कुठे पाहिलेला नाही.

हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने वेगळाच प्रश्न विचारला.

"ते राहू दे. घरमालक कसा आहे स्वभावाने?"

"आई, इथे घरमालक दिसत नाही."

"अगंबाई! वारला?"

वारला असता तर निदान वारस तरी दिसले असते. आमचं तीन पिढ्यांचं आयुष्य पेठेत भाड्याने गेलं, आणि तिथला घरमालक सगुण होता. वरच्या मजल्यावर राहायचा. त्याला रूप होतं, लेंगा होता, खोकला होता. नळाला पाणी किती वेळ आलं, पाहुणा किती दिवस राहिला, जिन्यातला दिवा कुणी विसरला, सगळ्यावर त्याची दृष्टी. कोपला तर दिसायचा आणि गणपतीच्या आरतीला बोलावलं की प्रसन्नही व्हायचा. सगुणाची भक्ती सोपी असते. इथला घरमालक निर्गुण निराकार. करारावर मालकाच्या जागी एका कंपनीचं नाव आहे, त्या कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिची तिसरी, आणि ती परंपरा कुठल्या आदिकंपनीपाशी थांबते हे वेदांनाही ठाऊक नसावं. तो सर्वत्र आहे आणि नळ गळतो तेव्हा कुठेच नाही. त्याच्याशी बोलायचं तर पोर्टल. पोर्टलवर तक्रार टाकली की क्षणात उत्तर येतं : तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. नळ गळतच राहतो, पण चित्त शांत होतं.

त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी पूर्वसंचित तपासतात. त्याला क्रेडिट स्कोअर म्हणतात. नुकत्याच उतरलेल्या माणसाला या देशात पूर्वजन्मच नसतो. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की मी आयुष्यात एक पैसा कर्ज काढलेलं नाही. ऑफिसातली मुलगी माझ्याकडे तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाकडे पाहावं तशी पाहू लागली. आपल्याकडे ऋण काढून सण करू नये म्हणतात. इथे ऋण काढल्याशिवाय घर मिळत नाही. शेवटी डिपॉझिट जास्त घेऊन माझ्या निष्कलंक चारित्र्यावर पांघरूण घालण्यात आलं. मोठ्या संकुलांना कायद्याने दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, म्हणून त्यांनी दोनच महिन्यांचं घेतलं. करार बारा महिन्यांचा. पुण्यात अकरा महिन्यांचा करत आलो होतो. परदेशी जाऊन माणसाने एवढी तरी प्रगती करावी.

आणखी एक प्रगती सांगितली पाहिजे. पुण्यात घर बघायला गेलं, की मालक आधी आडनाव विचारायचा, मग घरात काय शिजतं ते विचारायचा आणि मग भाड्याचा आकडा सांगायचा. इथे माझी जात कुणी विचारली नाही. कुत्र्याची विचारली. काही जातींच्या कुत्र्यांना संकुलात मज्जाव आहे, यादी कराराला जोडलेली आहे. चालणाऱ्या जातीतल्या कुत्र्याला दरमहा स्वतंत्र भाडं पडतं. माझ्याकडे कुत्रा नाही, तरी ती यादी मी दोनदा वाचली. दुसऱ्या कुणाला नाकारलेलं वाचताना इतकं निवांत वाटतं हे मला आधी माहीत नव्हतं. पेठेतल्या मालकाचं सुख मला तेव्हा थोडं कळलं.

भाड्याचा आकडा जाहिरातीत असतो तो नुसता नैवेद्य दाखवल्यासारखा. मागून अर्जाची फी, कारभाराची फी, कीटकनाशकाची, इंटरनेटची आणि कचऱ्याची. कचऱ्याची व्यवस्था बघण्यासारखी आहे. संध्याकाळी ठरलेल्या वेळेत आपली पिशवी दाराबाहेर ठरलेल्या डब्यात ठेवायची. रात्री एक माणूस येऊन ती सन्मानाने उचलून नेतो. वेळेआधी ठेवली तर दंड, वेळेनंतर ठेवली तर दंड. मोठा कचराडबा जिना उतरल्यावर समोरच आहे, मी स्वतः नेऊन टाकतो म्हटलं. जरूर टाका, म्हणाले, फी सक्तीची आहे. पुण्यात कचरावाल्या ताईंना दिवाळी द्यायला का-कू करणारी माणसं इथे कचऱ्याच्या पालखीचे मासिक मानकरी झालेली मी पाहिली आहेत.

गाव सुंदर आहे, हे मान्य केलं पाहिजे. जंगलात सायकलीच्या वाटा आहेत. गावाने स्वतःला माउंटन बायकिंगची जागतिक राजधानी म्हणवून घेतलंय. गावात द लेजर नावाची सहामजली ऑफिसइमारत आहे, तिच्या बाहेरून नागमोडी उतार काढलेत, सायकलवरून थेट वरच्या मजल्यापर्यंत जाता येतं. कौतुकच आहे. सायकलने सहाव्या मजल्यावर जाता येतं, पण आमच्या संकुलातून कोथिंबीर आणायला पायी जाता येत नाही, कारण फुटपाथ फाटकापाशीच संपतो. बसची वाट पाहायची तर पुण्याच्या माणसालासुद्धा नवा धीर कमवावा लागेल. त्यामुळे घरटी दोन गाड्या. त्यांच्या पाठीवर सायकली लटकावलेल्या असतात, कारण सायकल चालवायला गाडीनेच जावं लागतं.

पण गावातली माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे एक घर. क्रिस्टल ब्रिजेस हे संग्रहालय वॉल्टन यांच्या कन्येने, ॲलिस वॉल्टन यांनी, उभं केलं. २०११ मध्ये उघडलं. प्रवेश फुकट, चित्रं अव्वल, आणि मी हे उपहासाने म्हणत नाही. तिथल्या आवारात फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुशिल्पीने रचलेलं एक घर आहे. ते मूळचं न्यू जर्सीतलं, १९५० च्या दशकातलं. शेजारच्या नदीला वारंवार पूर यायचा. संग्रहालयाने ते विकत घेतलं, फळी न् फळी सुटी केली, क्रमांक घातले, ट्रकमध्ये भरून इकडे आणलं आणि पुन्हा जोडलं. २०१५ पासून लोक ते बघायला येतात. राइटने अशी घरं काढली ती मध्यमवर्गासाठी. साधी, आटोपशीर, माफक खर्चात सामान्य कुटुंबाला परवडतील अशी. गावात मध्यमवर्गाला परवडणारं घर नाही, असं जे म्हणतात ते चूक आहे. आहे. रांगेने जाऊन बघून यावं, हात लावू नये.

त्या घराच्या दिवाणखान्यात उभा असताना माझ्या फोनवर नूतनीकरणाचं पत्र आलं. आकडा बघून मी तडक संकुलाच्या ऑफिसात गेलो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या माणसांची अदब काही औरच. मुंबईत घरमालक भाडं वाढवताना ओरडतो, इथे ते वाढवताना समोरच्याला "हनी" म्हणतात.

"हनी, बाजारभावच वाढलाय हो," ती म्हणाली. "आकडा आम्ही काढत नाही, संगणक काढतो."

हे खरं आहे. आसपासच्या इमारती किती घेतात याची माहिती गोळा करून मालकांना आकडा सुचवणारं सॉफ्टवेअर देशभर वापरतात. मालकांनी खोलीत बसून संगनमत केलं तर गुन्हा होतो, म्हणून त्यांनी बसायचं काम यंत्राला दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने असं यंत्र विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर खटला भरला. भाड्यावर शहरांनी मर्यादा घालावी म्हणाल, तर आर्कन्साने तीही सोय ठेवलेली नाही. राज्याच्या कायद्याने तसं करायला गावांना मनाई आहे.

"पण बाहेर तर फलक लावलाय, पहिला महिना फुकट," मी म्हटलं.

"ते नवीन भाडेकरूंसाठी!"

"मग मी घर सोडलं आणि पुन्हा अर्ज केला तर?"

"तर तुम्ही नवीनच की!" तिला मनापासून आनंद झाला. "फक्त साठ दिवसांची नोटीस, अर्जाची फी, कारभाराची फी, आणि मधल्या काळात कुठे राहायचं ते तुम्ही बघा."

मी सही केली. नाशिकचे शेजारी म्हणाले, त्यांनीही केली. ते घर विकत घ्यायचं म्हणून तीन वर्षं पैसे साठवतायत आणि दरवर्षी घर साठवलेल्या पैशाहून जास्त वेगाने त्यांच्यापासून दूर जातं. विकत घेतलंच, तर मी वरचा मजला भाड्याने देईन, असं परवा ते बोलून गेले. मी विचारलं, नूतनीकरणाचं कलम घालाल ना करारात? ते हसले आणि विषय बदलला.

तर पुण्याहून, हैदराबादहून इकडे यायच्या तयारीत असलेल्या वाचकांना एवढंच सांगणं : चावी हातात पडल्याच्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो काढा आणि ते लगेच ऑफिसला मेल करा. घर सोडल्यावर डिपॉझिट परत करायला मालकाला कायद्याने साठ दिवस असतात, आणि तेवढ्या दिवसांत भिंतीवर बरेच डाग सापडतात. गालिच्याचे कोपरे घ्या, पडद्यांच्या पट्ट्या घ्या, न्हाणीघराची फरशी घ्या. आणि शेगडीच्या मागची भिंत अजिबात विसरू नका. आपल्या लोकांचं डिपॉझिट बहुतेक तिथेच कापतात.