खारं पाणी पाळणारा माणूस

मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारायचं मुंबई महापालिकेनं ठरवलं आहे. पहिल्या टप्प्यात रोज २०० दशलक्ष लिटर. मनोरीच्याच खाडीच्या अलीकडे, कांदिवलीतल्या चारकोपच्या एखाद्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, एक गृहस्थ शनिवारी रात्री नेमका उलटा उद्योग करत बसलेला असतो. भातसा-वैतरणेहून शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून आलेलं गोडं पाणी तो आधी आरओमधून काढतो, मग रेझिनमधून काढतो, त्यातला उरलासुरला क्षार घालवतो आणि मीटरवर शून्य दिसलं की समाधानानं त्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ कालवतो. मीठ साधं नाही. परदेशी बादलीतून आलेलं, किलोचा भाव काजूच्या पंगतीत बसणारा. मार्व्याला रिक्षानं गेलं तर तयार खारं पाणी फुकट मिळतं, असं त्याला सुचवून पाहावं. तो दयेनं हसतो. किनाऱ्याच्या पाण्यात मुंबईनं काय काय सोडलेलं आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. इतक्या मेहनतीनं बनवलेला समुद्र तो ज्यांच्यासाठी बनवतो ती प्रवाळं मात्र अनेकदा मरतात, आणि त्यांना उकाडा मारतो, वीज मारते की पालिकेचं पाणी मारतं, यावर त्याची ठाम मतं असतात. माझंही एक ठाम मत आहे: कांदिवलीतल्या प्रवाळांना सर्वांत मोठा धोका त्यांच्या मालकाच्या उत्साहाचा आहे.

सोसायटीत याला ‘मासेवाले काका’ म्हणतात. यापेक्षा मोठा अपमान त्याचा करता येत नाही. मासे ठेवणं त्यानं पंधरा वर्षांपूर्वीच ओलांडलं. आधी गोल्डफिश झाले, मग अँजेल, मग कुर्ल्याच्या बाजारात रविवारच्या रविवार फेऱ्या झाल्या, मग टाकीत बाग लावून झाली आणि शेवटी ज्याला तो ‘सॉल्ट’ म्हणतो त्या आश्रमात त्यानं प्रवेश केला. आता टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिश आहेत ते फक्त पाहुण्यांच्या मुलांसाठी. मुलं ‘निमो, निमो’ ओरडतात तेव्हा तो कौतुकानं नव्हे, सहनशीलतेनं पाहतो. त्याची खरी माया काचेच्या आत नसून काचेखालच्या कपाटात आहे: स्किमर, डोसिंग पंप, वाफ होऊन उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, आणि तपासणीच्या बाटल्यांची अशी रांग की कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीवाल्यानं शाखा उघडली असं वाटावं. नोकरी बहुधा बँकेत, विम्यात किंवा ऑडिटमध्ये. हा योगायोग नाही. ज्याला दिवसभर आकडे जुळवायची सवय आहे, त्यालाच रात्री जेवण झाल्यावर आणखी आकडे जुळवण्यात विश्रांती वाटू शकते.

आकडे खरोखरच मोहक आहेत, हे मान्य केलं पाहिजे. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि हे पोटभाडेकरू भाडं साखरेत चुकवतात. प्रवाळाच्या पोटापाण्याचा मोठा भाग त्यातूनच भागतो. बाकीचं त्याला पाण्यातून लागतं. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, क्षारता ज्याला सगळे ‘केएच’ म्हणतात ती सात ते नऊ, तापमान २५-२६ अंश, नायट्रेट थोडं, फॉस्फेट जवळजवळ नाहीच. पण या यादीतली गोम अशी की प्रवाळाला नेमका आकडा फारसा महत्त्वाचा नसतो. केएच सात असलेल्या टाकीत ते जगतं, नऊ असलेल्या टाकीतही जगतं. सोमवारी सात आणि मंगळवारी नऊ, हे मात्र त्याला सोसत नाही. समुद्र अफाट आहे, त्याचं रसायन एका रात्रीत हलत नाही, आणि लाखो वर्षं त्या संथपणात वाढलेल्या जिवाला घाईची सवयच नाही. म्हणजे प्रवाळाची मागणी एवढीच: जे काही असेल ते उद्याही तसंच असू द्या. ही मागणी अशा माणसाकडे आहे, ज्याला भिंतीवरचं कॅलेंडर अर्धा सेंटिमीटर तिरकं दिसलं तर झोप लागत नाही.

केएचची तपासणी पाहण्यासारखी असते. छोट्या कुपीत टाकीचं पाणी, त्यात दर्शकाचे मोजून थेंब. पाणी निळसर हिरवं होतं. मग सुईशिवायच्या सिरिंजमधून दुसरं द्रावण एकेक थेंब. प्रत्येक थेंबाला कुपी हलवायची, ट्यूबलाइटसमोर धरायची, पुन्हा थेंब. हिरव्याचा गुलाबी-केशरी झाला की थांबायचं. आता हा रंग नेमका कुठल्या थेंबाला बदलला, यावर सगळा निकाल अवलंबून. म्हणून बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं जातं. “अगं, हा केशरी म्हणशील की गुलाबी?” ती पदराला हात पुसत येते, डोळे बारीक करते आणि म्हणते, “डाळिंबी.” कंपनीच्या रंगतक्त्यात डाळिंबी नसतो. आकडा ७.४ येतो. परवा ८.१ होता. या फरकातला निम्मा केवळ ट्यूबलाइटचा आणि डाळिंबीचा असू शकतो, पण हे त्याच्या मनात येत नाही. त्याच्या मनात फक्त ‘पडला’ येतं. आणि जे पडलं ते उचलायचं असतं.

इथून पुढे रसायनशास्त्र त्याला शिक्षा देतं. केएच चढवायला तो सोडा घालतो; कॅल्शियम मागे राहू नये म्हणून लगोलग कॅल्शियम क्लोराइडही घालतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी जास्त झाले की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना मिठी मारून तळाला बसतात. बनतो तो चुनखडक. फक्त प्रवाळाच्या सांगाड्यात बनायच्या ऐवजी पंपाच्या पात्यावर आणि हीटरच्या काचेवर. दोन्ही आकडे पुन्हा खाली. मग दुप्पट मात्रा. यावरचा एक जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी, जी आपल्या आज्या बाळाच्या पोटदुखीवर देत असत. रात्रभर थेंब थेंब सोडली तर कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही बेतानं भरून निघतात. पण जर्मन नाव लावलेल्या डब्यातून आल्याशिवाय ती त्याला पटत नाही. नायट्रेट जास्त झालं तर आणखी गंमत. पाण्यातल्या जिवाणूंना अल्कोहोल मिळालं की ते वाढतात आणि वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातात, म्हणून टाकीत मिलिलिटरनं मोजून व्होडका घालायची पद्धत आहे. ज्या घरात अंड्याला वेगळं भांडं आहे त्या घरात टाकीखाली क्वार्टर सापडते ती अशी. वाइन शॉपमध्ये गेल्यावर कुणी न विचारताच तो सांगतो, “टाकीसाठी हवीये.” आजवर एकाही दुकानदाराला हे पटलेलं नाही. मात्रा जास्त झाली तर जिवाणू पाण्यातला प्राणवायूच संपवतात, आणि पहाटे टाकी दुधासारखी पांढरी दिसते.

यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. भारतात कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली; वाघाला जो मान, तोच त्यांना. सागरी पंखेही त्यात आले. कायदा पाळणाऱ्या रीफवाल्याला, म्हणजे घरी प्रवाळं पाळणाऱ्याला, म्हणून मऊ प्रवाळं, मशरूम आणि झोअँथिड यांच्यावरच समाधान मानावं लागतं. या मंडळींना दगडी सांगाडा उभारायचा नसतो. कॅल्शियमचा त्यांचा खप अगदी किरकोळ. तरीही याच्या वहीत कॅल्शियमचा रकाना सर्वांत रुंद, कारण परदेशातले लोक तो भरतात. ज्या बँकेत ठेवीदारच नाहीत तिचा ताळेबंद रोज तपासावा, असला हा प्रकार.

यावर रीफवाल्याची बाजू घेणारे विचारतील: मग काय, तपासायचंच नाही? हा आक्षेप रास्त आहे. मे महिन्यात पंखा लावून पाणी गार ठेवलं तर ते भराभर उडतं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा चढतो. तिथे मोजमाप नसेल तर टाकी आठवड्यात मिठागर होईल. माझा विरोध मोजण्याला नाही, मोजल्यानंतरच्या दहा मिनिटांना आहे. तीन आठवड्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले तर उतार दिसतो, आणि उतारावर इलाज थोड्या मात्रेनं करता येतो. एका आकड्यावर केलेला इलाज हा घाबरण्याचा प्रकार आहे. दुसरा आक्षेप श्रीमंती चोचल्यांचा. तोही अर्धाच खरा. हा माणूस चिलर हप्त्यावर घेतो, पीव्हीसीचे पाइप स्वतः चिकटवतो आणि विजेचं बिल बायकोच्या आधी खाली जाऊन आणतो. हॉलमध्ये प्रवाळांना २६ अंश आणि माणसांना पंखा, ही व्यवस्था श्रीमंतांच्या घरी नसते. राबण्याचं म्हणाल तर परंपरा जुनीच आहे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळं लंडनला आणली आणि जगवली. पण पाण्यात हवा मिसळावी म्हणून रोज खिडकीसमोर ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहण्याचं काम त्यांच्या मोलकरणीचं होतं. चारकोपमध्ये वीज गेली की कप घेऊन तेच काम कोण करतं, हे सांगायला नको.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार: असा छंद माणसाला समुद्राविषयी हळवं करतो. करतो, यात शंका नाही. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राचा पीएच सुमारे ०.१ नं उतरला आहे, हे कांदिवलीत कुणाला ठाऊक असेल तर यालाच. एप्रिल २०२४ मध्ये जगभरची प्रवाळं चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर पांढरी पडत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा चर्चगेट लोकलमध्ये तो खरोखर उदास होता. पण याच मुंबईच्या खडकांवर प्रवाळं आहेत. किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीची प्रवाळं परवानग्या काढून, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडून दुसऱ्या खडकांवर हलवावी लागली. ओहोटीला मरीन ड्राइव्हच्या दगडांत उतरलं तर झोअँथिडांची चटई पायाशी दिसते. गढूळ, गरम, सांडपाण्याच्या शेजारी, आणि ठणठणीत. तिथे तो गेलेला नाही. नेलं तरी त्याला ते आवडणार नाही. त्या पाण्याचे आकडे पाहता ती प्रवाळं कधीच मरायला हवी होती, आणि ती जिवंत असणं त्याला शिस्तभंगासारखं वाटेल.

गणपतीला गावी जाणं त्याला चुकवता येत नाही. कोकणात सात दिवस. शेजारच्या निवृत्त गृहस्थांच्या हाती किल्ली आणि चार पानी सूचना: सकाळी काय मोजायचं, किती आल्यास काय घालायचं, रंग कुठला आल्यास फोन करायचा. शेजारी पहिल्याच दिवशी चष्मा शोधतात, कागद पाहतात, घडी करून फ्रिजवर ठेवतात आणि रोज चिमूटभर खाणं टाकून दार ओढून घेतात. सात दिवस टाकीत कुणी हात घालत नाही. परतल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी तो काचेशी जातो. सगळी प्रवाळं पूर्ण उमललेली, केएच ८.०, तळाला पांढरी पूड नाही. तो खुर्चीत टेकतो, वही उघडतो, आणि निघायच्या आदल्या रात्री घातलेल्या नव्या बाटलीच्या नावाखाली दोनदा रेघ मारतो. मग लगेच ती आणखी दोन मागवायला फोन हातात घेतो, कारण एवढा गुण आलाय तर मात्रा थोडी वाढवून पाहायला काय हरकत आहे?